सोणाची वीणा : मनाच्या शुश्रूषेचा आपला वारसा

स्मरणिका म्हटली की शाळेचे निकाल, वास्तूंची वाढ आणि उच्च पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची नामावली यांना अग्रस्थान मिळणे स्वाभाविक आहे. तो अभिमान रास्तही आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्या समाजातील मुलाने पदवीचा कागद हाती घेणे ही इतिहासातील घटना असते. मात्र त्या पदवीपर्यंत पोहोचताना मुलाच्या मनावर किती ताण पडला, त्याने तो कसा सोसला आणि कोणाजवळ बोलून दाखवला, याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या न नोंदलेल्या विषयाचा विचार करणार आहोत.

निवासी शाळेत येणारे मूल दहाव्या-अकराव्या वर्षी घराचा उंबरा ओलांडते. कोणाचे आईवडील ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात असतात, कोणाची आई एकटीच मोलमजुरी करून घर चालवते, कोणाच्या घराची दारूने वाताहत झालेली असते. पहिल्या महिन्यात रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ती हळूहळू रुळतात, हसू-खेळू लागतात आणि आपण निश्चिंत होतो. पण रुळणे वेगळे आणि दुःख निवणे वेगळे. पुढे हीच मुले शहरात जातात. तेथे इंग्रजीचा धाक, रखडलेली शिष्यवृत्ती, खोलीचे भाडे, घरच्यांच्या अपेक्षा आणि आडनाव ऐकताच क्षणभर थबकणारी समोरच्याची नजर, या साऱ्यांचे ओझे एकाच पाठीवर येते. घरी फोन केला तर उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘बाबासाहेबांनी किती सोसले, तुला काय झाले आहे?’

हे बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्यामुळे मुलाचे तोंड बंद होते. पुढच्या वेळी ते फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगते. आमचे प्रतिपादन असे आहे की, दुःख गिळून टाकण्याची शिकवण बुद्धाचीही नाही आणि बाबासाहेबांचीही नाही. दुःख ओळखावे, त्याला शब्द, सूर, श्वास किंवा हाताचे काम यांतून वाट करून द्यावी आणि ते सोबतीने वाहावे, अशी आपली परंपरा आहे. तिचे काही दाखले आपण क्रमाने पाहू.

अठरा तासांपलीकडचे बाबासाहेब

जयंतीच्या निमित्ताने ठिकठिकाणी अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. ज्ञानावरील निष्ठेची ती सुंदर खूण आहे. परंतु एका दिवसाच्या त्या अभिवादनाचे आपण रोजच्या मोजपट्टीत रूपांतर केले, तर बाबासाहेबांचे अर्धेच चरित्र मुलांच्या हाती पडते.

१९२६ सालच्या जुलै महिन्यात राजरत्न हा त्यांचा लाडका मुलगा गेला. त्यापूर्वी रमाई आणि बाबासाहेबांनी तीन अपत्ये गमावली होती. पुढच्याच महिन्यात दत्तोबा पवार या आपल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी हे दुःख लपवले नाही. आपण व पत्नी या आघातातून सावरलो आहोत असे भासवण्यात अर्थ नाही, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. ज्या माणसाकडे लक्षावधी लोक आधार म्हणून पाहत होते, त्याने एका मित्राजवळ आपले मन असे उघडे केले. राजरत्न गेल्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्याच्या काठी उभे होते. शोक मान्य करणे आणि कर्तव्याला उभे राहणे यांत विरोध नसतो, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळते.

२७ मे १९३५ रोजी रमाई राजगृहात निवर्तल्या. पाच वर्षांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी जो ग्रंथ लिहिला, तो आकडेवारी आणि कठोर युक्तिवाद यांनी भरलेला आहे. आणि तो ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. तिच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, मनाचा थोरपणा आणि हालअपेष्टांच्या काळात तिने दिलेली साथ यांचा कृतज्ञ उल्लेख त्या अर्पणपत्रिकेत आहे. पाच वर्षे मनात वाहिलेल्या दुःखाला त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर जागा करून दिली.

आणि व्हायोलिनची गोष्ट तर अनेकांना ठाऊक आहे. उत्तरायुष्यात, कामाचा डोंगर समोर असताना आणि मधुमेहासारखी दुखणी मागे लागलेली असताना, बाबासाहेब शिक्षक लावून व्हायोलिन शिकू लागले. त्या वयात त्यांना मैफली गाजवायच्या नव्हत्या. रियाजातील त्या घटका ना ग्रंथासाठी होत्या, ना सभेसाठी. तेवढा वेळ त्यांनी मनाला दिला होता. मुलांपुढे बाबासाहेबांचा आदर्श ठेवताना पुस्तकांच्या शेजारी ते व्हायोलिनही ठेवावे.

सोणाची वीणा

बाबासाहेबांनी आपल्या घराला ‘राजगृह’ हे मगधातील ज्या प्राचीन नगरीचे नाव दिले, त्याच नगरीच्या परिसरातील एक कथा विनयपिटकात आणि अंगुत्तर निकायात आली आहे. सोण नावाचा एक धनिकपुत्र भिक्खू झाला. लाडाकोडात वाढलेला हा तरुण शीतवनात राहून अहोरात्र साधना करू लागला. चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या तळव्यांतून रक्त वाहू लागले, वाट रक्ताने माखली. तरी मनाला शांती लाभेना. सर्वांत उद्यमी भिक्खूंपैकी आपण एक असूनही आपल्याला यश का येत नाही, या विचाराने तो खचला आणि परत घरी जाण्याचा विचार करू लागला.

तथागत त्याच्याकडे गेले. त्यांनी सोणाला आळशी म्हटले नाही. आणखी कष्ट कर, असेही सांगितले नाही. त्यांनी त्याला त्याच्याच पूर्वायुष्यातील एक गोष्ट विचारली. सोण घरी असताना वीणा वाजवण्यात निपुण होता. वीणेच्या तारा फार ताणल्या तर ती नीट वाजते का? सोण म्हणाला, नाही. तारा फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. तारा सम ठेवल्या म्हणजे मात्र वीणा सुरात बोलते. तसेच प्रयत्नांचे आहे, असे तथागतांनी सांगितले. अतिताणाने मन अस्वस्थ होते, अतिशैथिल्याने आळस येतो. तेव्हा आपल्या प्रयत्नांत समता राख, हा तो उपदेश होता.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कथा आजच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जशीच्या तशी लागू पडते. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात अपयश आलेला, झोप मोडलेला, गावी तोंड दाखवायला धजावत नसलेला मुलगा म्हणजे आजचा सोण होय. त्याच्या कष्टांत उणीव नसते. त्याच्या तारा तुटण्याइतक्या ताणल्या गेलेल्या असतात. शिक्षक म्हणून येथे आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात येते. तथागतांनी सोणाशी बोलण्यासाठी त्याला आवडणारी, त्याला येणारी कला निवडली. त्याच्या हातांना जे आधीपासून ठाऊक होते, त्यातूनच त्याला उत्तर सापडले. खचलेल्या मुलाजवळ जाताना त्याला काय आवडते, हे आपल्याला माहीत आहे काय?

मोहरीचे दाणे आणि पायांवरचे पाणी

किसा गोतमीची कथा आपल्या वंदनेच्या सभांत वारंवार सांगितली जाते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. ज्या घरात कोणी मेलेले नाही, अशा घरातून मोहरी आणण्यास तथागत तिला सांगतात. मृत्यू अटळ आहे, हे तात्पर्य आपण काढतो आणि थांबतो. पण या उपायाची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. मृत्यूवरील प्रवचन तथागतांना तेथेच बसून देता आले असते. त्यांनी तिला दारोदार पाठवले. प्रत्येक दारात तिला मोहरी मिळत होती आणि तिच्याबरोबर एक हकीकतही मिळत होती : येथे मुलगा गेला, येथे बाप गेला. दिवसभर ती इतरांचे दुःख ऐकत राहिली. ‘माझ्यावरच का?’ हा एकटेपणाचा प्रश्न त्या ऐकण्यातच विरला आणि संध्याकाळपर्यंत कडेवरचे मूल खाली ठेवण्याचे बळ तिला आले.

पटाचारेचे दुःख तर कल्पनेपलीकडचे होते. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ असे सर्वच तिने एका पाठोपाठ गमावले आणि ती भ्रमिष्ट होऊन वस्त्राचेही भान नसलेल्या अवस्थेत भटकू लागली. लोक तिला हाकलत असताना तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. संघात आल्यानंतर एके दिवशी पाय धुताना ओघळून जाणारे पाणी ती निरखत बसली. एक ओघळ थोड्या अंतरावर जिरला, दुसरा त्याच्या पुढे, तिसरा आणखी पुढे. माणसांची आयुष्येही अशीच, कोणाचे लवकर, कोणाचे उशिरा संपतात, हे तिला त्या पाण्यात दिसले. समोरच्या साध्या गोष्टीकडे शांतपणे पाहणे हेच येथे ध्यान झाले. पुढे ती अनेक स्त्रियांची मार्गदर्शक झाली. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या पाचशे स्त्रिया तिच्याकडे आल्या, असे परंपरा सांगते. दुःखातून गेलेली स्त्रीच इतरांच्या दुःखावर बोलू शकली. तिच्यासह त्र्याहत्तर थेरींच्या रचना ज्या थेरीगाथेत आहेत, तो संग्रह म्हणजे स्त्रियांनी आपले भोगणे स्वतःच्या शब्दांत मांडल्याचा जगातील अतिप्राचीन ठेवा आहे.

जाते आणि जलसा

थेरींच्या गाथांपासून आपल्या आया-आज्यांच्या जात्यापर्यंतचे अंतर काळाने मोठे असले तरी मनाने लहान आहे. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेल्या बाईला दिवसातील तोच वेळ स्वतःचा असे. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराची आठवण, सारे ती ओवीत ओवी. बोलून दाखवण्याची सोय नव्हती तेथे गाऊन दाखवण्याची होती. दोघी समोरासमोर बसत, एक ओवी सुरू करी, दुसरी ती उचलून धरी. हाताला लय, श्वासाला लय, समोर ऐकणारी सखी : मनाच्या शुश्रूषेला आणखी काय लागते? गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. त्यांत बाबासाहेब, रमाई आणि बुद्ध यांच्यावरील ओव्याही आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायलेल्या ओव्या त्यात विशेष लक्षणीय आहेत. ज्या जात्यावर केवळ सोसणे दळले जात होते, त्याच जात्यावर स्वाभिमानही गायला जाऊ लागला.

पुरुषांच्या जगात हेच काम जलशाने केले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जलसा गावोगाव फिरला. वेठबिगारी, पाणवठ्यावरचा अपमान, सावकारी पाश यांवर रात्रभर गाणे, हसणे आणि सवालजवाब चालत. दिवसभर ज्या अपमानाने मान खाली जाई, तोच अपमान रात्री मंचावर उघडा पडताना पाहून माणसे पोट धरून हसत. ज्याच्यावर हसता येते त्याचे भय उरत नाही. त्या हसण्यात करमणुकीइतकेच औषधही होते.

वामनदादा कर्डकांचे आयुष्य या दृष्टीने मुलांना सांगण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. शाळा लाभली नाही. मुंबईत कष्टाची कामे करताना मोठ्या वयात ते अक्षरे शिकले, आणि १९४३ पासून गीते लिहू लागले. संसारात त्यांच्या वाट्याला ताटातूट आणि अपत्यवियोग आला. तो एकटा माणूस गात गात साऱ्या महाराष्ट्राच्या घरचा झाला. आज वस्तीतील चारचौघे ढोलकी घेऊन त्यांचे गीत म्हणू लागले की, दिवसभराच्या शिणलेल्या चेहऱ्यांवर काय फरक पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचे शारीरिक कारणही आहे. गाताना उच्छ्वास लांबतो, आणि श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हे शरीरशास्त्र सांगते. अनेकांनी एका तालात गायले की अनेकांचे श्वासही एका तालात येतात.

मात्र एक खंत येथे नोंदवली पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत आज कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनिभिंती गीत वाजवतात आणि माणसे मुकी राहतात. गीत दुसऱ्याने वाजवून ऐकणे आणि स्वतःच्या कंठातून काढणे यांत फार अंतर आहे. मनाला उतार पडतो तो दुसऱ्या प्रकाराने.

वही आणि आयदान

गाण्याला सोबत लागते, लेखनाला एकांत पुरतो. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी लहानसे दुकान चालवताना पुड्या बांधायच्या रद्दीतील वर्तमानपत्रे वाचून वाचनाची भूक भागवली आणि आपल्या वस्तीचे, आपल्या आया-बायांचे जिणे कागदावर उतरवले. सुमारे वीस वर्षे हे लेखन त्यांनी घरच्यांच्या नजरेआड ठेवले. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्या लपवलेल्या कागदांनी वीस वर्षे त्यांना सोबत केली असली पाहिजे. आपल्यासारख्या संस्थेला आणखी जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याच बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे येथे मागासवर्गीय मुलांसाठी निवासी शाळा चालवली.

उर्मिला पवार यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेचे नाव ‘आयदान’ आहे. आयदाने म्हणजे बांबूची सुपे, टोपल्या, रोवळ्या. पतीच्या मृत्यूनंतर त्यांची आई आयदाने विणून मुलांना वाढवत होती. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचा धागा एकच आहे, वेदनेचा आहे, असे लेखिकेने नोंदवले आहे. पोटासाठी विणणारी ती माउली काही छंद जोपासत नव्हती. तिच्या कष्टांचे आम्ही उदात्तीकरण करू इच्छित नाही. तरीही हाताला वळण असलेले काम माणसाला सावरून धरते, हे तिच्या लेकीने ओळखले आणि आपल्यासाठी लिहून ठेवले.

लेखनाच्या या गुणाची मानसशास्त्राने प्रयोगाने पडताळणी केली आहे. अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले. काय घडले आणि त्या वेळी काय वाटले, हे दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांना लिहून झाल्याबरोबर उदास वाटले. परंतु पुढील काही महिन्यांत त्यांना दवाखान्यात जाण्याची गरज इतरांहून कमी पडली. यातून पालकांनी घेण्याचा बोध हा की, मुलाने लिहिताना डोळ्यांत पाणी आणले तर घाबरून वही बंद करू नये. आणि दुसरा बोध तितकाच महत्त्वाचा : अशी वही मुलाच्या परवानगीशिवाय उघडू नये.

श्वास आणि मैत्री

वही, वाद्य, हातकाम यांपैकी काहीही जवळ नसते तेव्हाही श्वास असतो. मज्झिम निकायातील आनापानसति सुत्तात श्वासाकडे लक्ष देण्याची रीत सांगितली आहे. श्वास आत येत आहे, बाहेर जात आहे, दीर्घ आहे, आखूड आहे, एवढे जाणत राहायचे. मन भरकटले तर रागावल्यावाचून परत आणायचे. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली, १९७६ साली इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले, आणि आज शाळकरी मुलांसाठी आनापानाचे लहान वर्ग ठिकठिकाणी भरतात. परदेशात १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ताणनिवारणासाठी याच सतिभावनेवर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला. जगाने जे दवाखान्यात नेले, ते आपल्या सकाळच्या वंदनेनंतरच्या पाच मिनिटांत आहे. ती पाच मिनिटे केवळ मुलांना गप्प बसवण्यासाठी वापरू नयेत.

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराला झालेली वेदना हा पहिला बाण, आणि त्या वेदनेविषयी शोक करीत राहणे हा स्वतः मारून घेतलेला दुसरा बाण. नापास होणे हा पहिला बाण आहे. ‘मी कुचकामी आहे’ हे रात्रंदिवस घोकणे हा दुसरा. श्वासाचा अभ्यास पहिला बाण परतवीत नाही, पण दुसऱ्यासाठी उचललेला हात थांबवू शकतो. त्याच्या जोडीला मेत्ता, म्हणजे मैत्रीभावना, असावी. तिचा आरंभ स्वतःपासून करण्याची रीत आहे, हे आपण विसरतो. ज्या मुलाने जगाकडून तिरस्कार पाहिला आहे, त्याने स्वतःविषयी सदिच्छा बाळगणे ही सोपी गोष्ट नव्हे. तिचा सराव करावा लागतो.

उपायांची मर्यादा

येथवर जे सांगितले त्याचा विपर्यास होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिली अशी की, सर्वच दुःख मनात उपजत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा विचार अन्याय, शोषण आणि दारिद्र्य यांच्याशी जोडला. वसतिगृहात कोणी जातीवरून हिणवले तर त्या मुलाला डोळे मिटून श्वास पाहायला सांगणे हा धम्म नव्हे. तेथे तक्रार, चौकशी आणि कायदा यांचीच गरज असते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. रोहित वेमुला यांचा २०१६ साली आणि डॉ. पायल तडवी यांचा २०१९ साली झालेला मृत्यू आपण विसरू शकत नाही. त्यांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, यांनी २०१९ मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, ती उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेद थांबावा म्हणून. एक तेलुगू मुलखातली, एक खानदेशातली. दोघींना जोडणारा धागा पुत्र-कन्याशोकाचा. पटाचारेकडे आलेल्या स्त्रियांची आठवण आम्हाला येथे झाल्यावाचून राहत नाही. शोकाची सोबत झाली की ती न्यायाची मागणीही होऊ शकते.

दुसरी गोष्ट आजाराची. झोप आणि भूक दोन-तीन आठवडे उडाली असेल, मूल सर्वांपासून तुटत असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर गाणे, वही आणि ध्यान यांवर विसंबून राहू नये. ताप चढला तर आपण डॉक्टरकडे जातो, तसेच येथेही जावे. तीव्र मानसिक आजारात दीर्घ मौनाची शिबिरे टाळावीत, अशी सूचना विपश्यना केंद्रेही देतात. अंगात आले, बाहेरची बाधा झाली, या समजुती आपण धम्मदीक्षेबरोबर मागे टाकल्या आहेत; ‘वेडा’ हा शिक्काही मागे टाकावा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर असावा.

घरी आणि वसतिगृहात

मोठ्या खर्चाशिवाय करता येण्याजोग्या काही गोष्टी आम्ही सुचवू इच्छितो. वसतिगृहात आठवड्यातून एक संध्याकाळ सामूहिक गायनाची असावी. ध्वनिवर्धक नसावा, ढोलकी-खंजिरी पुरे. प्रत्येक मुलाकडे एक वही अशी असावी की जिला गुण नाहीत आणि जी कोणी तपासणार नाही. ज्यांना लिहिणे जमत नाही अशा लहानग्यांना रंग आणि माती द्यावी. चित्र कसे झाले याऐवजी ते कशाचे आहे, असे विचारावे. परीक्षेच्या काळात खेळ आणि झोप यांच्या वेळा कापू नयेत. पालकांनी फोनवर गुणांची चौकशी करण्याआधी जेवणाची, झोपेची आणि मित्रांची चौकशी करावी. आणि मूल रडले तर उपदेशाची घाई न करता थोडा वेळ नुसते ऐकावे. माजी विद्यार्थ्यांकडून आमची विशेष अपेक्षा आहे. शाळेत येऊन आपल्या यशाबरोबर आपले अपयश, आपली रडलेली रात्र आणि त्या रात्री उपयोगी पडलेला माणूस, यांविषयीही त्यांनी मुलांशी बोलावे. प्रत्येकाने शहरात नव्याने आलेल्या एका तरी मुलाला महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलवावे.

विनयपिटकातील आणखी एक प्रसंग सांगून हा लेख पूर्ण करतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकरवी पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी सर्व भिक्खूंना एकत्र बोलावून समजावले की, येथे तुमची काळजी घ्यायला तुमची आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या वसतिगृहासाठी याहून नेमका नियम आम्हाला दुसरा आढळत नाही. तेथे आई नाही, वडील नाहीत; शेजारच्या खाटेवरचे मूल आहे, शिक्षक आहेत, आणि शाळा सोडून गेलेले पण शाळेशी नाते न सोडलेले तुम्ही सर्व आहात.

जयभीम! नमो बुद्धाय!